सहदेवची जास्तीची दोन वर्षं

भटवाडीतल्या आमच्या महापालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गात एकेचाळीस मुलं होती आणि त्यांतली सव्वीस एक जूनला जन्मलेली होती. घाटकोपरच्या बायांनी एकाच दिवशी बाळंत व्हायचं ठरवलं होतं, असं नाही. शाळा जूनमध्ये सुरू होई, आईबापांना नेमकी तारीख आठवत नसे, आणि मास्तरांना रांग संपवायची घाई असे. मास्तर पोराकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघत, त्याच्या उंचीवरून साल ठरवत आणि पुढे 'एक जून' लिहून मोकळे होत. त्या सव्वीसांत मी, सुबोध, एक. आणि माझ्या शेजारच्या खोलीतला सहदेव राऊळ दुसरा.

अशा माणसांचा स्वतःच्या वयावर पुरता विश्वास कधीच बसत नाही. 'कागदावरचं राहू दे, खरं किती?' हा प्रश्न आमच्याकडे लग्नाच्या बैठकीतही विचारतात आणि त्याचा कुणाला राग येत नाही. माझं त्यामुळे काही बिघडलं नाही. मी रक्त काढतो. घाटकोपर स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकवीस वर्षं हेच काम करतोय, आणि रक्त काढणाऱ्याचं वय कुणी विचारत नाही. सहदेवने मात्र धंदाच असा निवडला, की ज्यात वयाशिवाय दुसरं काही विचारतच नाहीत.

सहदेव मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा व्यावसायिक फायटर. म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसं सोडायची, त्यांनी बुक्के, लाथा, कुस्ती, गळा आवळणं असं जे जे येत असेल ते एकमेकांवर करायचं, आणि पाच-पाच मिनिटांच्या तीन राउंडनंतर पंचांनी एकाचा हात वर करायचा. या धंद्यात माणूस पंचविसाव्या वर्षी होतकरू असतो, तिसाव्या वर्षी तयार असतो आणि पस्तिसाव्या वर्षी इतरांना दाखवायचं उदाहरण झालेला असतो. सहदेव यंदा जूनमध्ये चाळीस पुरा झाला. तरी तो लढतो. प्रत्येक लढतीआधी रक्त तपासून द्यावं लागतं, म्हणून तो माझ्याकडे येतो, आणि मी त्याच्या दंडाला रबर बांधताना त्याला चार शब्द सुनावतो. बारा वर्षं हा कार्यक्रम चाललाय. माझ्या सुनावण्याचा त्याच्यावर सुईइतकाही परिणाम झालेला नाही.

वय कसं आणि कुठून येतं ते मी त्याच्यात बघितलं. लोकांना वाटतं, ताकद जाते. ताकद कुठे जात नाही. उलट सहदेव आता जास्त चिवट झालाय, आणि डोकं तर विशीतल्या पोरांच्या दुप्पट चालतं. समोरचा काय करणार हे त्याला आधी दिसतं. फक्त दिसल्यानंतर बाजूला व्हायला जो एक क्षण लागतो, तो पूर्वी अर्धा लागायचा. म्हणजे पूर्वी त्याला कळायच्या आत बुक्का चुकायचा, आता नीट कळून लागतो. वजन उतरवायला पूर्वी दोन दिवस पुरायचे, आता आठवडा लागतो आणि त्या आठवड्यातला त्याचा किडनीचा रिपोर्ट बघून आमच्या डॉक्टरबाई माझ्यावर ओरडतात. भुवईवरची कातडी इतक्या वेळा शिवलीय, की आता जोरात शिंकला तरी फाटेल.

सकाळी सहा ते आठ तो मुलुंडच्या एका बागेत ज्येष्ठ नागरिकांना व्यायाम शिकवतो. तोल कसा सांभाळावा, आणि पडलंच तर हाड न मोडता कसं पडावं, हा त्याचा खास विषय. सत्तरीचे आजोबा सतरंजीवर पद्धतशीर पडतात आणि उठून टाळ्या वाजवतात. दुपारी तो स्वतः भांडुपच्या एका जिममध्ये जाऊन विशीतल्या पोरांकडून पाडून घेतो. तिथे टाळ्या वाजत नाहीत.

त्याच्या लढती लावतो तो रामनाथ. अंधेरीत त्याचं ऑफिस आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो एखादा हॉल घेऊन फाइट नाईट भरवतो, जी दुपारी तीनला सुरू होते. रामनाथ मनाचा वाईट नाही, व्यवहारी आहे. नव्या पोराचं नाव करायचं तर त्याने कुणाला तरी हरवावं लागतं, आणि तो 'कुणीतरी' नाव असलेला पण संपत आलेला असला तर उत्तम. त्यामुळे सहदेवला गेली पाच वर्षं भरपूर मागणी होती. सहदेव जितका म्हातारा होत गेला तितकी त्याची किंमत रामनाथच्या लेखी वाढत गेली, आणि सहदेव त्याला आपली लोकप्रियता समजत होता. आठ लढतींत एक जिंकला होता.

"अरे, कागदावर धरू नकोस," हरून आला की तो मला सांगायचा. "मी खरा दोन वर्षांनी लहान आहे. आई बोलते ना, मास्तरांनी वाढवून लिहिलंय. माझ्याकडे दोन वर्षं जास्तीची आहेत, यार."

ही जास्तीची दोन वर्षं कुठून आली ते मला माहीत होतं, कारण ती आली तेव्हा मी तिथेच होतो. आम्ही सहावीत होतो. आंतरशालेय कुस्तीत सहदेवला विक्रोळीच्या एका शाळेच्या पोराने दीड मिनिटात चीत केलं. सहदेव घरी येऊन जो रडायला लागला तो थांबेना. त्याचे वडील काशीराम गिरणी बंद झाल्यापासून वॉचमनकी करत. ते झोपले होते. आई मालन मासे साफ करत होती. तिने हात धुतले नाहीत की पोराला जवळ घेतलं नाही. तिथूनच म्हणाली, "रडतंस कित्याक? तो तुझ्यापरास दोन वर्सांनी मोठो. मास्तरान तुझी दोन वर्सा वाढवून लिवल्यान. तुझ्या वयाच्या पोरांत तू काय हरतलंस?"

सहदेव गप्प झाला. आणि बघता बघता त्याची छाती वर आली. मला त्या दिवशी त्याचा हेवाच वाटला होता. माझ्या आईने मला कधी एक दिवसही वाढवून दिला नव्हता.

शंका घ्यायला काही जागा नव्हती. एक जूनच्या पोरांबाबत मास्तर वाटेल ते लिहीत हे सगळ्या भटवाडीला ठाऊक होतं. पत्रिका बघावी तर ती कधी केलीच नव्हती. काशीरामांचा भटजीवर नाही, युनियनवर विश्वास होता. पुढे सहदेवच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा पत्रिका नाही म्हणून अर्धी स्थळं गेली आणि धंदा कळल्यावर उरलेली गेली.

बारा वर्षांच्या या लढाईत मालन एकदाच आडवी आली. अकरा वर्षांपूर्वी एका लढतीत सहदेवला हनुवटीवर लाथ बसली आणि तो पिंजऱ्यातच निपचित पडला. शुद्धीवर यायला चार मिनिटं लागली आणि मला ओळखायला अर्धा तास. त्या मे महिन्यात मालन त्याला घेऊन गावी गेली आणि ग्रामदेवतेपुढे उभं करून तिने गाऱ्हाणं घालवून घेतलं. कोकणात देवाशी बोलायची ही रीत आहे: एक मानकरी खड्या आवाजात देवाला सगळी हकीकत सांगतो, मागणं मागतो, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्यामागे 'होय महाराजा' म्हणतात. मागणं असं होतं, की ह्या लेकराला चाळीस भरेपर्यंत सांभाळ, आणि चाळीस भरली की हा हा धंदा सोडून तुझ्या पायांशी नारळ ठेवील. सहदेवने मान डोलावली होती. एकोणतीस वर्षांच्या माणसाला चाळीस म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी वय वाटतं.

यंदाच्या एक जूनला मालनने घावणे केले, मलाही बोलावलं, आणि जेवताना म्हणाली, "गणपतीक गावाक जावया. नारळ देवक होयो."

"कसला नारळ?" सहदेव म्हणाला. "आई, अजून दोन वर्षं आहेत ना. तूच बोलतेस, मी खरा अडतीसचा."

मालनचा हात घावण्यावर तसाच राहिला. मला त्या वेळी वाटलं, सहदेवने तिला बरोबर पकडलं. हसलोही मी. त्याच आठवड्यात रामनाथने त्याची लढत लावली: सप्टेंबरात, अंधेरीत, वेसाव्याच्या कृणाल नावाच्या बावीस वर्षांच्या पोराशी. कृणाल सात लढला होता आणि सातही जिंकला होता. रामनाथने पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापलं: 'चाळीस विरुद्ध बावीस'.

जुलैत एका सकाळी मालन लॅबमध्ये आली. उपाशीपोटी आली असेल, साखर तपासायची असेल, असं समजून मी सुई काढली. ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "सुबोध, रगतात वय कळता रे?"

"नाही काकी. रक्तात साखर कळते, कावीळ कळते. वय कुठे कळणार?"

"मगे हाडात?"

"काकी, काय झालंय ते सांग."

तिने आधी मागे बघितलं. रांगेत दोन गरोदर बायका आणि एक खोकणारा माणूस होता. मग तिने जे सांगितलं ते मी रबर हातात धरून ऐकत राहिलो. मास्तरांनी काही वाढवलं नव्हतं. ती दोन वर्षं तिने त्या दिवशी मासे साफ करता करता, पोरगा गप्प व्हावा म्हणून, उभ्या उभ्या बनवली होती. "तो विक्रोळीचो पोरगो," ती म्हणाली, "तो उलटो ह्याच्यापरास वरसान ल्हान होतो. त्याच्या आवशीक मी वळखत होतंय."

मला हसू आलं. तिला हसू येत नव्हतं. तिची अडचण अगदी सरळ होती. सहदेवला वाटतंय चाळीस भरायला दोन वर्षं आहेत. पण देवाला काही शाळेचा दाखला लागत नाही. देवाने तिला कळा देताना बघितलेलं आहे. देवाच्या हिशेबी मुदत संपली. आता त्या पिंजऱ्यात सहदेव उतरला तर त्याला सांभाळायला वर कुणीही नाही, आणि याला कारण ती. अकरा वर्षं पोराला सांभाळणाऱ्या देवाला आता कसं सांगणार की पोराला मी फसवलंय म्हणून तो येत नाहीये?

"मग सांगून टाक त्याला," मी म्हणालो.

"कसा सांगू? तो त्याच दोन वर्सांवर उभो आसा." पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "तो हयच्या दवाखान्यात झालो. कागद असतलो. तू आण, आणि तूच दाखव. कागदान सांगल्यान तर बरा. आवशीन कशाक सांगूक होया?"

हे मला पटलं. आपल्याकडे आईचं खोटं कागदाने उघडं पडलं तर त्यात कुणाचा अपमान होत नाही. मी दोन दिवस रजा टाकून वॉर्ड ऑफिसात गेलो, अर्ज केला, मालनचा अंगठा आणि आधार जोडला. तिसऱ्या खेपेला, ऑगस्ट संपता संपता, चेतना नावाच्या बाईंनी जुन्या रजिस्टरची नोंद काढून दिली. मुलगा, आई मालन, बाप काशीराम, तारीख तेवीस मे एकोणीसशे पंच्याऐंशी. म्हणजे मास्तर जवळजवळ बरोबर होते. उलट त्यांनी पोराला नऊ दिवस सूट दिली होती.

"तुम्हाला परत कशाला लागला हा उतारा?" चेतनाबाई म्हणाल्या. "याची एक प्रत आधी गेलेली आहे."

"कधी?"

त्यांनी पडद्यावर बघितलं. "दोन हजार सोळा. अर्जदार सहदेव काशीराम राऊळ. स्वतः."

मी बाहेर येऊन वडाखालच्या कट्ट्यावर बसलो आणि तेव्हा मला आठवलं. दोन हजार सोळात सहदेवला परदेशात एक लढत मिळाली होती आणि त्याने पासपोर्ट काढला होता. पासपोर्टवर तरी खरं वय घालतो, असं मला छाती काढून सांगून तो जन्माचा दाखला आणायला गेला होता. पासपोर्ट आला तेव्हा त्यावर पंच्याऐंशी सालच होतं. मी विचारलं तर म्हणाला, 'जुनी रजिस्टरं सापडत नाहीत रे.' त्या लढतीत तो चाळीस सेकंदांत हरला होता.

म्हणजे नऊ वर्षं त्याला माहीत होतं. नऊ वर्षं तो मला 'जास्तीची दोन वर्षं' सांगत होता, आणि जूनमध्ये त्याने ती आईच्या तोंडावर फेकली होती. मला भयंकर राग आला. माणसाने स्वतःला फसवावं, ते मी रोज बघतो. साखर तीनशे आलेले लोक मला 'काल लग्नाला गेलो होतो' म्हणून सांगतात. पण आईचं खोटं आईवरच चालवायचं म्हणजे हद्द झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद पिशवीत घालून मी मुलुंडच्या बागेत गेलो. सहदेव एका आजींना पडायला शिकवत होता. "हात टेकवायचा नाही आजी, मनगट मोडेल. खांदा आत घ्यायचा आणि लोळायचं. घाबरू नका, जमीन कुठे जात नाही." आजी पडल्या, उठल्या, आणि त्याच्या पाठीवर थाप मारून गेल्या. तो घाम पुसत माझ्याजवळ आला.

"तू इकडे कसा?"

"सहदेव, ही लढत सोड. तो पोरगा बावीसचा आहे."

"माहीत आहे." तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "तुला सांगू? तिसऱ्या राउंडला श्वास संपतो ना, पाय शिशाचे होतात, तेव्हा समोरचा विचार करतो की आता हा म्हातारा गेला. मी तेव्हा मनात काय बोलतो? बोलतो, अजून दोन वर्षं शिल्लक आहेत. आणि खरंच उचलतात रे पाय."

तो मला डोळ्याला डोळा भिडवून खोटं सांगत होता आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पिशवीतला कागद काढायला हात गेला होता, तो हात मी रिकामाच बाहेर घेतला. मालनला मी सांगितलं, की कागद अजून आला नाही. तीन आठवडे तो कागद माझ्या पिशवीत डब्याखाली राहिला. याला मी भित्रेपणाच म्हणतो. दुसरं नाव द्यायला जाऊ नये.

चाळिशी उलटलेल्याला रामनाथच्या नियमाप्रमाणे मेंदूचा स्कॅन आणि हृदयाची चाचणी करावी लागते. सहदेवच्या दोन्ही नीट आल्या. मालनला ही बातमी आवडली नाही.

लढतीच्या रविवारी ती म्हणाली, "मी येतंय." बारा वर्षांत ती एकदाही आली नव्हती. आम्ही मेट्रोने अंधेरीला गेलो. कनवटीला देवाचा अंगारा होता आणि प्रत्येक स्टेशनला ती तो चाचपून बघत होती. हॉलमध्ये घरच्यांसाठी पहिली रांग राखलेली होती. मी सहदेवच्या कोपऱ्यात बर्फाची पिशवी घेऊन उभा राहणार होतो, पण कोपरा त्या रांगेला लागूनच होता, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. मालनच्या शेजारी कृणालची आई मथुरा येऊन बसली. वेसाव्याची कोळीण, गळ्यात सोनं, आणि मागे तिच्या बाजारातल्या पंधरा-वीस बाया.

"तुझा पोरगा केवढ्याचा गं?" मथुराने विचारलं.

मालनने पिंजऱ्याकडे बघितलं. "चाळीस," ती म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांत तिने हे पहिल्यांदा तोंडाने म्हटलं असेल, आणि म्हटलं ते अनोळखी बाईला.

"मग त्याला कशाला आणलाय? माझा बावीसचा आहे. लागेल की त्याला."

"सांगान ऐकता काय?" मालन म्हणाली.

"माझाही नाही ऐकत," मथुरा म्हणाली, आणि तिने पर्समधून लवंग काढून मालनला दिली.

पहिला राउंड बघवत नव्हता. कृणाल येत होता, मारत होता आणि जात होता, आणि सहदेव तो मघाशी होता त्या जागेवर बुक्के मारत होता. भुवई फाटली. दुसऱ्या राउंडमध्ये त्याने जाळीला पाठ लावून नुसतं झाकून घेतलं. मागच्या कोळणी ओरडत होत्या. मालनची चिमूट कनवटीला होती. दुसरा राउंड संपल्यावर मी बर्फ लावला तेव्हा सहदेवची छाती भात्यासारखी चालली होती. "बस कर," मी म्हणालो. त्याने मान हलवली. ती होय होती की नाही, ते मला कळलं नाही.

तिसऱ्या राउंडच्या दुसऱ्या मिनिटाला कृणालने घाई केली. जिंकत असलेली बावीस वर्षांची पोरं करतात तेवढीच. म्हातारा संपला असं समजून तो हात खाली ठेवून आत शिरला, आणि सहदेव नेमका त्याचीच वाट बघत होता. त्याने बुक्का चुकवला नाही. चुकवता आलाच नसता. त्याने तो कपाळावर घेतला, घेता घेता पोराला मिठी मारली, पायाला पाय घातला आणि त्याला खाली नेलं. त्यानंतरचं सगळं सावकाश झालं. सहदेव पाठीवर गेला, हात गळ्याखाली सरकवला, आणि घाई अजिबात केली नाही. कृणालने थोडा वेळ धडपड केली आणि मग सहदेवच्या दंडावर थोपटून हार मान्य केली.

हॉलमधले लोक जे उठले ते बसलेच नाहीत. मथुरा तोंडावर हात धरून बसली होती. मालनने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "उठतलो तो. बावीसचो आसा."

रामनाथ पिंजऱ्यात गेला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याचं दोन वर्षांचं नियोजन एका मिठीत गेलं होतं. पण माणूस व्यवहारी. त्याने तिथल्या तिथे माईकवर जाहीर केलं, की जानेवारीत सहदेव राऊळ विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी लढेल. बारा वर्षांत रामनाथने सहदेवसमोर पट्ट्याचं नाव काढलं नव्हतं. त्याने माईक सहदेवसमोर धरला. सहदेवचा एक डोळा मिटला होता. तो म्हणाला, "कागदावर चाळीस, खरा अडतीस. अजून दोन वर्षं आहेत माझ्याकडे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालन उठली आणि माझ्या बाजूने सरळ आत, कपडे बदलायच्या खोलीकडे चालू लागली.

त्या खोलीत एक बाकडं, एक आरसा आणि एक पंखा होता. डॉक्टर भुवई शिवून नुकतेच गेले होते. सहदेव बाकड्यावर बसला होता आणि लहान मुलासारखा हसत होता. "आई, बघितलंस?" तो म्हणाला.

"बघलंय." ती उभीच राहिली. "सहदेवा, मी तुका खोटा सांगलंय. मास्तरान कायएक वाढवूक नाय. ती दोन वर्सा माझी. तू रडत होतंस म्हणान सांगलंय. तू चाळीसचोच आसस."

मी कागद काढायला पिशवीत हात घातला. निदान आता तरी उपयोगी पडावं म्हणून. पण सहदेव माझ्याकडे बघतच नव्हता. त्याचं हसणं गेलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली. पासपोर्टच्या वेळी दाखला काढला तेव्हा."

मालन बाकड्यावर बसली. पंखा फिरत होता आणि बाहेर कुणीतरी पुढच्या जोडीची नावं पुकारत होतं. ती म्हणाली, "मगे बोललंस नाय कित्याक?"

"काय बोलू? कागद बघितला त्या दिवशीच वाटलं, संपलं सगळं. मग वाटलं, आई जोपर्यंत काही बोलत नाही तोपर्यंत आहेत ती माझ्याकडे. तू एकदा जरी खरं बोलली असतीस ना, मी सोडलं असतं."

"आणि मी म्हटलंय," मालन म्हणाली, "ह्याका एवढोच आधार आसा. तो काढलंय तर हो खय जातलो? म्हणान मी तोंड बंद ठेवलंय."

नऊ वर्षं. मी तिथे उभा राहून मोजलं आणि मला बरं वाटेना. सोळा लढती, सहा ठिकाणी टाके, एकदा मोडलेली बरगडी. दोघं एकाच खोलीत झोपत होती, एकाच ताटातलं खात होती, आणि एकमेकांना दुखावू नये म्हणून गप्प होती. आणि शेवटचे तीन आठवडे तर मीही त्यांत सामील होतो.

"जानेवारीत पट्टा आहे, आई," सहदेव म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "एकच. आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं मला."

मालनने कनवटीचा अंगारा काढला आणि त्याच्या कपाळावर, टाक्यांच्या जरा वर लावला. "तुका म्हायत," ती म्हणाली, "माका म्हायत, देवाक म्हायत. मगे आपण तिघां फसवतंव कोणाक?"

हातांवरच्या पट्ट्या अजून तशाच होत्या, त्यांच्याकडे सहदेव बघत राहिला. रामनाथ दारात आला, जानेवारीची तारीख बोलायला, आणि आम्हा तिघांची तोंडं बघून परत गेला.

"पण आज जिंकलो ना मी?" सहदेव म्हणाला.

"जिंकलंस," मालन म्हणाली. "चाळीसचो होवन जिंकलंस."

तेव्हा तो रडायला लागला. मोठ्याने, खांदे हलवत, टाके भिजतील याची पर्वा न करता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर मालनने हाताने मला थांबवलं आणि त्याला रडू दिलं.